सिस्टर जेराल्डिन आणि पंडिता रमाबाई : आप्तवियोगाच्या पार्श्वभूमीवर एका मिशनरी स्नेहसंबंधाचा अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनरी आणि एतद्देशीय सुशिक्षित वर्ग यांच्यात जे संबंध निर्माण झाले, त्यांचा अभ्यास प्रामुख्याने धर्मांतर, शिक्षणप्रसार, मुद्रण आणि समाजसुधारणा या अंगांनी झालेला आहे. या संबंधांना आणखी एक अंग होते व ते म्हणजे व्यक्तिगत स्नेहाचे. दुःखात सापडलेल्या माणसाला आधार देणे हे मिशनरी आपले धर्मकर्तव्य मानीत असत. परंतु आधार देणारा संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि आधार घेणारा स्वतंत्र बुद्धीचा असतो, तेव्हा या स्नेहात सत्तेचा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन आणि पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा संबंध हे याचे अत्यंत बोलके उदाहरण होय.

या दोघींचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वतः संकलित केला. पुढे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या पत्रव्यवहाराकडे अभ्यासकांनी मुख्यतः धर्मशास्त्रीय वाद, वसाहतवाद आणि स्त्रीस्वातंत्र्य या दृष्टींनी पाहिले. प्रस्तुत शोधनिबंधात तोच पत्रव्यवहार रमाबाईंच्या आप्तवियोगाच्या संदर्भात वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. रमाबाईंच्या जीवनातील आप्तवियोगाची परंपरा आणि त्यातून घडलेली त्यांची मनोवृत्ती समजून घेणे.
२. सिस्टर जेराल्डिन यांच्या काळजीचे स्वरूप व तिच्या मर्यादा तपासणे.
३. या दोघींमधील मतभेद केवळ धर्मशास्त्रीय होते की त्यांना कौटुंबिक आशयही होता, याचा शोध घेणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उपरोक्त पत्रव्यवहार, रमाबाईंचे आत्मपर लेखन आणि समकालीनांच्या आठवणी यांचा आधार घेतला आहे.

आप्तवियोगाची परंपरा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. स्त्रीला संस्कृत विद्येचा अधिकार आहे, असे मत मांडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या कन्येस शिकविले. पुढे आर्थिक विपन्नावस्थेमुळे या कुटुंबाला घर सोडावे लागले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढील क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. इतर कोणतेही काम करण्याची सवय नसल्याने दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. १८७४ मध्ये मद्रास इलाख्यात प्रथम वडील आणि पाठोपाठ आई यांचे निधन झाले. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री ही दोघे भावंडे तेवढी उरली.

हजारो मैलांची पायपीट करून ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव करून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासशास्त्री मृत्यू पावले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील आणि वधू चित्पावन ब्राह्मण, असा हा विवाह सनातनी समाजाला मान्य होणे शक्य नव्हते. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीच्या विकाराने निधन पावले. विवाहानंतर दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी रमाबाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे पाच मृत्यू पाहिले होते. रक्ताच्या नात्याचे असे एकच माणूस त्यांच्याजवळ राहिले होते, ते म्हणजे दहा महिन्यांची कन्या. पुढील सर्व घटनांचा विचार करताना ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही.

पुण्यातील परिचय आणि इंग्लंडचा प्रवास

पतिनिधनानंतर १८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष या तिन्ही गोष्टी त्याच वर्षातील होत. याच काळात पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध आला. वाँटेज येथे १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ या भगिनीसंघाने १८७७ पासून पुण्यात काम सुरू केले होते. मिस हरफर्ड यांच्याकडे रमाबाई इंग्रजी व बायबल शिकू लागल्या. नेहेम्या गोरे हे मूळचे नीलकंठशास्त्री. स्वतः ब्राह्मण पंडित असून ख्रिस्ती झालेल्या या गृहस्थांशीही त्यांची धर्मचर्चा होत असे.

मिशनरींशी त्यांचा संबंध त्यापूर्वीच सिलचर येथे आला होता. तेथील बाप्टिस्ट मिशनरी आयझॅक अॅलन हे त्यांच्या घरी येऊन बायबल समजावून देत. रमाबाईंना त्याविषयी ओढ वाटू लागली, तथापि पतीला ते रुचले नाही. त्यामुळे ख्रिस्ती धर्माविषयीचे कुतूहल पतिनिधनातून प्रथमच उद्भवले, असे म्हणता येत नाही. दुःखाने त्या कुतूहलाला निकड आणली, एवढेच म्हणणे पुराव्याला धरून होईल.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेले पैसे उपयोगी पडले. वाँटेजच्या भगिनींनी राहण्याची सोय करावी आणि त्या मोबदल्यात रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे, असे ठरले होते. रमाबाई आश्रित म्हणून गेल्या नव्हत्या. त्या श्रमाचा मोबदला देऊन राहत होत्या. संबंधाच्या प्रारंभीच्या या स्वरूपाला पुढील वादांच्या संदर्भात विशेष महत्त्व आहे. वाँटेज येथे त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शनाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे आली. पुण्यात काम केलेल्या व प्रकृतीच्या कारणाने स्वदेशी परतलेल्या या भगिनीला भारताचा काही अनुभव होता.

वाँटेज येथील आघात

रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची त्यांची मैत्रीण इंग्लंडला गेली होती. परदेशात स्वभाषेत बोलावयास आणि सुखदुःख सांगावयास तीच एक होती. आपल्याला ख्रिस्ती केले जाईल या भयाने या मैत्रिणीचे मन ढळले. तिने एका रात्री रमाबाईंचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला आणि नंतर विष घेऊन स्वतःचा अंत करून घेतला, असे मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. काही काळ रमाबाई त्यांच्या ऑक्सफर्ड येथील घरी राहिल्या होत्या. त्यांच्या मनावर या घटनेचा एवढा परिणाम झाला होता की रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला कोणी तरी झोपण्याची व्यवस्था करावी लागे.

या घटनेनंतर थोड्याच काळाने, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या वार्तेने खळबळ उडाली. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली, तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंचा पक्ष घेतला. धर्मांतराबरोबर पुण्यातील सुहृदांपैकी अनेकजण दुरावले. रक्ताची माणसे मृत्यूने नेली होती व जोडलेली माणसे आता मताने दूर गेली.

अशा स्थितीत सिस्टर जेराल्डिन यांच्या काळजीचे मोल फार होते. पंचवीस वर्षांची विधवा, अडीच वर्षांची मुलगी, परका देश, मंदावत चाललेली श्रवणशक्ती आणि नुकताच झालेला भीषण आघात यांचा विचार करता त्या काळात वाँटेजच्या मठाने दिलेले छत्र ही साधी गोष्ट नव्हती. मुलीचा सांभाळ, प्रकृतीची विचारपूस, शिक्षणाची तजवीज आणि दूर असताना पत्रांद्वारे दिलेला धीर या सर्व बाबींतून सिस्टर जेराल्डिन यांचा जिव्हाळा प्रत्ययास येतो. रमाबाईही पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ असे संबोधित. बधिरत्वामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला, तेव्हा चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली शिकण्याची व संस्कृत शिकविण्याची व्यवस्था झाली. तेथून वाँटेजला सातत्याने पत्रे जाऊ लागली.

काळजी आणि नियंत्रण

या पत्रांतील वादाचे विषय वरकरणी विविध आहेत. रमाबाई शाकाहारी राहिल्या व अंडे घातलेले पदार्थही खाईनात, हे सिस्टर जेराल्डिन यांना जात्यभिमानाचे अवशेष वाटले. क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. सामान्य भारतीय स्त्रीला लॅटिनचा काय बोध होणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता आणि न पटलेले मान्य केल्याचे दाखविणे त्यांना असत्य वाटे.

१८८५ मध्ये वेगळाच प्रसंग उद्भवला. रमाबाईंनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी कल्पना चेल्टनहॅम येथे निघाली. लाहोर व मुंबई येथील बिशपांचा अभिप्राय प्रतिकूल आला. तसे केल्यास भारतातील स्त्रियांवरचा रमाबाईंचा प्रभाव नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि सिस्टर जेराल्डिन यांना ते मान्य होते. रमाबाईंनी याला अत्यंत परखड उत्तर दिले. भारतात पुरुषांच्या सभांपुढे आपण उघडपणे व्याख्याने दिली आहेत, आपल्या देशबांधवांचे मन आपल्याला परक्यांपेक्षा अधिक कळते आणि आपल्या वतीने परस्पर निर्णय घेण्याचा अधिकार कोणासही नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घ्यावयाचे नाही, ही भूमिकाही त्यांनी स्पष्ट केली.

सिस्टर जेराल्डिन यांना या उत्तरांत अहंकार आणि अवज्ञा दिसली. त्यांच्या दृष्टीने त्यात अस्वाभाविक असे काही नव्हते. मठातील जीवनात आज्ञापालन हा श्रेष्ठ गुण होता आणि त्यांनी स्वतः तो स्वेच्छेने स्वीकारला होता. नवदीक्षित व्यक्तीने वडीलधाऱ्यांचे ऐकावे व हळूहळू श्रद्धेत स्थिर व्हावे, ही त्यांची अपेक्षा होती. दुःखाने थकलेल्या जीवाला विश्रांती चर्चच्या शिस्तीतच मिळेल, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. त्यामुळे रमाबाईंच्या प्रश्नांना त्या बौद्धिक उत्तर देण्यापेक्षा आत्म्याच्या आरोग्याची चिंता अधिक व्यक्त करतात.

रमाबाईंचा अनुभव याच्या अगदी उलट होता. ज्यांच्यावर विसंबावे ती माणसे एकामागून एक गेली, तेव्हा जगण्यास उपयोगी पडली ती स्वतःची बुद्धी आणि वडिलांनी दिलेली विद्या. वडिलांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला व मुलीला शिकविले होते. त्यामुळे सदसद्विवेकबुद्धी गहाण न टाकणे हा रमाबाईंच्या बाबतीत गमावलेल्या कुटुंबाचा वारसा होता. सिस्टर जेराल्डिन ज्या गुणाला दोष समजत होत्या, त्याच गुणाच्या आधाराने रमाबाई सगळ्या आघातांतून तरल्या होत्या.

मनोरमेचा प्रश्न

या सर्व वादांत सर्वाधिक नाजूक विषय मनोरमेच्या संगोपनाचा होता. रमाबाई चेल्टनहॅम येथे असताना आणि पुढे अमेरिकेतील वास्तव्यातही मनोरमेला काही काळ वाँटेजच्या भगिनींकडे ठेवावे लागले. सिस्टर जेराल्डिन यांना या मुलीचा अतिशय लळा होता. आईच्या अस्थिर मतांचा मुलीच्या श्रद्धेवर परिणाम होईल, ही चिंता त्यांना सतावीत असे. मुलीला चर्चच्या पद्धतीने धर्मशिक्षण मिळावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

रमाबाईंना भगिनींच्या मायेविषयी शंका नव्हती. तथापि जे सिद्धान्त आपल्यालाच पटलेले नाहीत, ते अजाण मुलीला शिकवू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगी इंग्रजी वातावरणात वाढून स्वदेशीयांना परकी होऊ नये, त्यांच्यातलीच एक होऊन राहावी, ही त्यांची तीव्र इच्छा होती. ही मुलगी म्हणजे त्यांच्या कुळाचा एकमेव शेष होता. तिचे मन दुसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे जिवंतपणी तिला गमावणे, अशी भीती या पत्रांच्या मुळाशी असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. क्रूस, आहार व त्रैक्य या विषयांवर वाद घालताना रमाबाई तर्काने बोलतात. मनोरमेचा विषय निघाला की त्यांच्या लेखणीत आईचा हक्क बोलू लागतो.

येथे ‘आजीबाई’ या संबोधनाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. मराठी कुटुंबात आजी ही जिव्हाळ्याची, आदराची व्यक्ती असते. ती नातवंडांचे लाड करते, वेळी रागावतेही. परंतु मुलांविषयीचा अखेरचा निर्णय आईवडिलांचा असतो. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांना आपल्या रिकाम्या झालेल्या घरात हे स्थान देऊ केले होते. सिस्टर जेराल्डिन यांना अभिप्रेत होते ते धर्ममातेचे स्थान आणि त्याबरोबर येणारा अधिकार. एकीने नाते मागितले आणि दुसरीने शिष्यत्व अपेक्षिले. त्यांच्यातील गैरसमजाचे मूळ बहुतांशी येथे आहे.

स्नेहाचे उत्तरायुष्य

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. अर्थसाहाय्याचा हा स्वतंत्र मार्ग मिळाल्याने कोणत्याही एका पंथावर अवलंबून राहण्याची आवश्यकता उरली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे या संस्थेचे धोरण वाँटेजच्या अपेक्षेशी जुळणारे नव्हते. उलट १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. एकीकडे रमाबाई पुरेशा ख्रिस्ती नाहीत असा आक्षेप होता, तर दुसरीकडे त्या अतिरिक्त ख्रिस्ती आहेत असा होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवांना आणून केडगाव येथे आश्रय दिला. मुक्ती मिशनची ही पायाभरणी होती. या कामासंबंधी लिहिताना त्यांनी आपल्या आईवडिलांच्या उपासमारीची हकीकत सांगितली आहे. वाँटेज येथे त्या स्वतः आश्रय घेणाऱ्या होत्या. केडगाव येथे त्या आश्रय देणाऱ्या झाल्या. वाँटेजच्या भगिनींनी फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेल्या आश्रमाचे दर्शन आपल्याला किती प्रभावित करून गेले, हे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने नोंदविले आहे. तत्त्वांवरून भांडण होऊनही सेवेचा धडा त्यांनी तेथूनच घेतला होता.

विशेष म्हणजे मनोरमा आईच्या इच्छेप्रमाणे आपल्या लोकांतच राहिली. शिक्षण घेऊन तिने केडगाव येथील कार्यात आईला साथ दिली. परंतु २४ जुलै १९२१ रोजी तिचेही निधन झाले. शेवटचा हा वियोग सोसून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या.

सिस्टर जेराल्डिन यांच्याविषयी निर्णय देताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांच्याशी निर्भीडपणे वाद घातला, त्यांचा अधिकार नाकारला, ती पत्रे त्यांनी जपून ठेवली व क्रमाने लावली. त्यांच्या टिपांत स्वतःच्या भूमिकेचे समर्थन आहे. तरीही रमाबाईंचे शब्द नष्ट झाले नाहीत, याचे श्रेय त्यांनाच द्यावे लागते. त्यांनी ती पत्रे राखली नसती तर रमाबाईंच्या वैचारिक जीवनातील सर्वांत तेजस्वी पर्व आज अज्ञात राहिले असते.

निष्कर्ष

१. रमाबाईंच्या धर्मविषयक स्वातंत्र्यवृत्तीमागे त्यांच्या आप्तवियोगाचा अनुभव आणि पित्याकडून लाभलेला बौद्धिक वारसा या दोन्हींचा वाटा आहे.

२. सिस्टर जेराल्डिन यांची काळजी प्रामाणिक होती. तथापि ती आज्ञापालनाच्या चौकटीत व्यक्त होत असल्याने तिला नियंत्रणाचे रूप आले. केवळ वसाहतवादी वृत्ती म्हणून तिची संभावना करणे अथवा केवळ वात्सल्य म्हणून तिचा गौरव करणे, ही दोन्ही टोके एकांगी ठरतात.

३. मनोरमेच्या संगोपनाविषयीचा वाद धर्मशास्त्रीय मतभेदाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कौटुंबिक स्वरूपाचा होता. पत्रव्यवहारातील कटुतेचा उलगडा त्यावरून होतो.

४. ‘आजीबाई’ या संबोधनातून रमाबाईंनी समतेच्या व नात्याच्या पायावर स्नेहाची मागणी केली. ती पूर्णांशाने मान्य झाली नाही, तरी दोघींनी परस्परांना सर्वस्वी तोडले नाही.

५. दुःखिताला आधार देताना त्याच्या विचारस्वातंत्र्याचा मान कसा राखावा, हा प्रश्न या पत्रव्यवहाराने उपस्थित केला आहे. आश्रम, वसतिगृहे आणि शिक्षणसंस्था यांच्या इतिहासाचा अभ्यास करतानाही तो विचारात घेणे आवश्यक आहे.